मातीतल्या मुलाने हात कुठे ठेवायचे?

प्रश्न: मी ऐरोलीत राहते. दीड वर्षापासून सिरॅमिक शिकते आहे. घरात आणि शाळेत मुलांना सतत 'असं बस, तसं बोल' सांगितलं जातं, त्यावर मला मानवाकृती करायच्या आहेत. पण कितीही ठरवलं तरी माझी मुलं गोडच होतात. बघणारे म्हणतात, 'किती क्यूट, शोकेसमध्ये छान दिसेल.' दुसरं म्हणजे निम्म्या आकृत्या भट्टीत तडकतात, बहुतेक मानेपाशी आणि मनगटापाशी. माझं कुठे चुकतं आहे?

उत्तर: ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी सव्वीस वर्षं मातीच्या आकृत्या करते आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मुलंच आहेत. तुमच्या दोन्ही अडचणी मला ओळखीच्या आहेत. त्या एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी गोडपणाचं बघू. कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं होतं की काही खुणा दिसल्या की मोठ्या माणसाला आपोआप माया वाटते: शरीराच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड जाडसर हातपाय. आपण 'मूल करू या' म्हणून मातीला हात घालतो तेव्हा बोटं नकळत याच खुणा वाढवत जातात. डोक्याची उंची हे माप धरलं तर नवजात बाळ साधारण चार डोकी उंच असतं, दोन वर्षांचं पाच, शाळेत जाणारं सहा-सात वर्षांचं मूल सहाच्या आसपास आणि मोठा माणूस सात ते साडेसात. तुमच्या आकृत्या पट्टी लावून मोजून बघा. बहुधा त्या साडेचार डोक्यांच्या निघतील, म्हणजे वय पहिलीतलं आणि बांधा नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाचा. सहा डोक्यांवर या, मान थोडी लांब आणि बारीक करा, गुडघे हाडकुळे करा. निम्मा गोडवा तिथेच उतरतो.

उरलेला निम्मा चेहऱ्यात असतो. त्यावर माझा सल्ला असा की पहिले सहा महिने चेहऱ्यावर कामच करू नका. डोळे म्हणजे दोन उथळ खड्डे, तोंड म्हणजे एक रेघ, एवढंच ठेवा. ओठांना कुलूप, पायात साखळी, डोक्यावर पुस्तकांचा ढीग असलं काही जोडायचा मोह होईल. तो आवरा. कुलूप दिसलं की बघणाऱ्याला अर्थ कळतो, आणि अर्थ कळला की तो पुढच्या शिल्पाकडे वळतो. मुलावरचा दाब खरं तर त्याच्या खांद्यात, कोपरात, पायाच्या अंगठ्यात जाऊन बसलेला असतो. तिथे दिसला तर बघणाऱ्याच्या स्वतःच्या खांद्याला काहीतरी आठवतं.

हे शिकायला तुमच्या घराजवळ ट्रान्सहार्बरचा लेडीज डबा आहे. चौथ्या सीटच्या टोकावर अर्धवट टेकलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी पाहा. आईने नुसतं डोळ्यांनी खुणावलं की ती फ्रॉक गुडघ्यावर ओढते, पाय जवळ घेते आणि मग सगळा तोल सांभाळायला पाठ ताठ करते. पाच वर्षांचा तिचा भाऊ शेजारी पाय फाकवून, दप्तर पोटावर टाकून निवांत पसरलेला असतो. एका सीटवर दोन आसनं, आणि दोन्ही शिकवलेली. रेखाटन डब्यातून उतरल्यावर करा, आठवणीने. अनोळखी मुलांचे फोटो काढू नका. ते योग्य नाही, आणि फोटोवरून केलेल्या आकृतीत वजन कुठे आहे ते कळतही नाही. स्वतःच्या ओळखीतल्या मुलाला समोर बसवायचं असेल तर आईवडिलांना विचारा, आणि त्या मुलालाही विचारा.

दुसरी जागा म्हणजे तुमची स्वतःची आठवण. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणून बघा, खांदे आजही किंचित वर जातात. उभ्या उभ्या ते आसन करून बघा. एक हात छातीशी आडवा, दुसऱ्याचं कोपर त्यावर टेकलेलं, बोट ओठांवर. कोपरं बरगड्यांना चिकटतात, श्वास वरवरचा होतो, हनुवटी खाली येते. मी ते आसन निदान वीस वेळा मातीत केलं असेल. आता मुद्द्याची गोष्ट अशी की ती वीसच्या वीस शिल्पं भट्टीतून धड बाहेर आली. एकाचंही बोट तुटलं नाही.

का, तर त्या आसनात काहीच मोकळं नसतं. हात छातीला जोडलेला, कोपर हाताला जोडलेलं, बोट ओठाला टेकलेलं. माती सगळीकडून एकमेकींना धरून असते, सारखी वाळते, सारखी आकसते. उलट पावसात हात पसरून गिरकी घेणारी मुलगी करायला घ्या. खांद्यातून निघालेला हात हवेत लोंबकळतो, बोटं आधी वाळतात, मनगट ओढलं जातं आणि चीर पडते. मातीला आज्ञाधारक मूल सोपं जातं.

बरीच वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकदा प्रदर्शनाच्या मांडणीसाठी चौदा आकृत्या गाळ्यात ओळीने ठेवल्या होत्या. मदतीला आलेली भाची सहज म्हणाली, "मावशी, तुझ्या एकाही मुलाने हात अंगापासून लांब नेलेला नाही." मी परत बघितलं. खरंच नव्हता. मला वाटत होतं की मी दडपणाबद्दल काहीतरी सांगते आहे. प्रत्यक्षात त्यातल्या किती मुलांचे हात मी विषयासाठी बांधले होते आणि किती मुलांचे भट्टीच्या भीतीने, ते मलाच सांगता येईना. त्या दिवसापासून प्रत्येक आकृतीला मी आधी हा प्रश्न विचारते: हे आसन कुणी ठरवलं, मी की भट्टीने? तुमचे तडे आणि तुमचा विषय मला एकच वाटतो तो यामुळे. मोकळं मूल टिकवायचं तंत्र हातात नसेल तर तुमच्याकडे बांधलेलं मूलच उरतं. मग ते बांधलेलं आहे हेही कुणाला जाणवत नाही, कारण तुलनेला मोकळं काही समोरच नसतं.

जुन्या कामाकडेही या नजरेने बघा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या छोट्या मातीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. त्यातल्या अनेक पुढचा आणि मागचा अशा दुहेरी साच्यातून काढलेल्या. साच्यातून सुटून यायचं तर हात अंगालगतच हवेत, नाहीतर अडकतात. अलंकार, केशरचना काय सुरेख असते, पण हात देहाला धरून. दुसरं टोक फ्लॉरेन्सला आहे. तिथल्या ओस्पेदाले देल्यी इनोचेंती या टाकून दिलेल्या बाळांना सांभाळणाऱ्या संस्थेच्या दर्शनी भागावर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७च्या सुमारास भाजलेल्या मातीची, पांढऱ्या ग्लेझची, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाची, बाळं बसवली. कमरेखाली पट्ट्यांनी गुंडाळलेली, पण हात दोन्ही बाजूंना उघडे, जणू घ्या म्हणणारी. काहींचे पट्टे सैल होऊन सुटलेले आहेत. पाचशेहून जास्त वर्षं ते उघडे हात टिकले, कारण प्रत्येक बाळाच्या पाठीशी निळी गोल तबकडी आहे आणि हात तिच्यातूनच उठावाने वर आलेले आहेत. आधार दिला की मातीतही हात उघडता येतात. उठावाचं शिल्प तुम्ही करून पाहिलं नसेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता तडे. मानेपाशी आणि मनगटापाशी तडकतं यावरून मला वाटतं की तुम्ही डोकं आणि पंजे वेगळे करून नंतर जोडता, आणि जोडताना दोन्हीकडची ओल सारखी नसते. धड लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट वाळून कातड्यासारखं घट्ट, झालेलं आणि डोकं ताजं मऊ असलं, की डोकं नंतर जास्त आकसतं आणि सांधा फाटतो. जोडायच्या आधी दोन्ही भाग एकाच प्लॅस्टिकखाली एक रात्र ठेवा. मग दोन्हीकडे खरवडून, त्याच मातीची घट्ट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावून दाबा, आणि सांध्यावरून मऊ मातीची बारीक वळी फिरवून आत चेपा. जोडल्यावर पुन्हा दोन दिवस झाकून ठेवा. बोटं आणि कानांना वेगळी छोटी प्लॅस्टिकची पिशवी बांधा, म्हणजे ती घाईने वाळणार नाहीत.

जाडी सगळीकडे सारखी, साधारण एक सेंटिमीटर ठेवा. मानेच्या मागे आणि बुडाखाली माती साचते, तिथे सुरी घालून पोकळ करा आणि प्रत्येक पोकळीला बाहेर निघायला एक भोक द्या. तारेचा सांगाडा आत राहू देऊ नका. माती आकसते, तार आकसत नाही, आणि तडा ठरलेला. वर्तमानपत्राचे बोळे आत राहिले तर चालतात, ते जळून जातात. मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, चांगली पंधरा-वीस टक्के असू द्या. आकृतीच्या कामाला गुळगुळीत चाकावरची माती वापरू नका. बारीक बोटांसाठी मी कागदाचा लगदा घातलेली माती वापरते, तिच्यात तंतूंची पकड असते.

उभ्या मुलाच्या पायांचं वेगळंच दुखणं असतं. बारा टक्के आकसणाऱ्या मातीची ५० सेंटिमीटरची आकृती भाजून ४४ची होते, म्हणजे दोन पावलांमधलं अंतरही कमी होतं. पावलं फळीला किंवा भट्टीच्या शेल्फला धरून राहिली तर घोट्यात तडा जातो. म्हणून आकृतीखाली त्याच मातीची लादी करा, तिच्याबरोबर वाळवा आणि तिच्यासकटच भट्टीत ठेवा. ती लादीही तेवढीच आकसते आणि पावलांना बरोबर घेऊन येते.

आणि मातीची आठवण. हे विद्यार्थ्यांना सांगताना मी नेहमी थांबते. मान आधी डावीकडे वळवून केली, मग वाटलं नको म्हणून सरळ केली, तर वाळताना आणि भाजताना ती पुन्हा डावीकडे झुकू लागते. मातीचे चपटे कण पहिल्या दाबाने ज्या दिशेला लागले, तो ओढा आत राहतो. त्यामुळे आसन आधी कागदावर आणि बोटभर उंचीच्या कच्च्या नमुन्यात ठरवा, आणि मोठ्या आकृतीत पहिल्यापासून तेच ठेवा.

आपल्याकडच्या हवेबद्दल. जुलैत ठाण्यात आकृती वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते. ती गालाला लावून बघा. थंड लागली तर पाणी आहे. एका पावसाळ्यात एका मुलाचं डोकं माझ्या भट्टीत फुटलं. कवटीच्या तळाशी तीन सेंटिमीटर माती राहून गेली होती आणि मला प्रदर्शनाची घाई होती. तुकड्यांनी शेजारी ठेवलेलं एका विद्यार्थिनीचं पहिलं शिल्पही गेलं, आणि ते मला अजून लागतं. फोडते ती वाफ, अडकलेली हवा नव्हे. तेव्हापासून पावसाळ्यात मी भट्टी ८०-९० अंशांवर रात्रभर झाकण किंचित उघडं ठेवून धरते. पुढे ६०० अंशांपर्यंत तासाला साठ-सत्तर अंशांहून जास्त वेग देत नाही. मातीत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी साधारण ४५० अंशांपुढे निघायला लागतं आणि ५७३ अंशांवर क्वार्ट्झचा आकार एकदम बदलतो, चढतानाही आणि उतरतानाही. म्हणून उतरताना घाईने झाकण उघडायचं नाही. तडा कधीचा ते ओळखायला त्याची कड बघा. कड बोथट, उघडलेली असेल तर वाळताना किंवा चढताना पडलेला. काचेसारखी धारदार असेल तर थंड होताना.

तापमान किती, तर आकृतींना स्टोनवेअरचे, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांचे, १२०० अंश आणि वर लागतच नाहीत. त्या उष्णतेला माती मऊ पडते आणि मुलांचे बारीक घोटे वजनाने वाकतात. शिल्पात पाणी भरायचं नसतं. १०५० ते ११०० पुरेत, आणि माती त्या तापमानाची घ्या. खाडीकाठचा चिखल आणून करून बघायचा मोह ऐरोलीत होणारच. त्यात मीठ असतं, वाळल्यावर पांढरी खपली वर येते. शाडूही गणपतीसाठी, न भाजता रंगवायच्या कामाची आहे, तिला भट्टीत घालू नका. घरी भट्टी घ्यायचा विचार असेल तर सहा किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर सव्वीस अँपिअर ओढते. नेहमीच्या सोळा अँपिअरच्या प्लगवर ती चालत नाही, वेगळी लाइन आणि सोसायटीची परवानगी लागते. सध्या दुसऱ्याच्या भट्टीत भाजून घ्या, पण भट्टी लावताना स्वतः हजर राहा.

रंगाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. वर्गात मिळणारी माती बहुतेक फिकट, भाजून पांढुरकी निघणारी असते. तिच्यातलं मूल आपोआप गोरं होतं. आणि आपल्या घरात बाळ जन्मलं की पहिल्या पाच मिनिटांत रंगाची चर्चा होते, मुलगी असेल तर जरा जास्तच. मुलांवरच्या दडपणावर शिल्प करायचं आणि ते सगळं गोऱ्या मातीत, यात मला मोठी विसंगती दिसते. लोह असलेली तांबडी माती घ्या. ती आपल्या कातडीच्या जवळ जाते, आणि तिच्यावर पांढऱ्या स्लिपचा पातळ हात दिला तर तो पावडर लावून तयार केलेल्या मुलासारखा दिसतो. कानामागे आणि मानेवर पांढरं पोचलेलं नाही असं ठेवलंत तर वेगळं काही सांगावं लागत नाही. चकचकीत ग्लेझ टाळा. ते खाचांत साचतं, पापण्या बुजवतं, आणि बघणाऱ्याला शोकेस आठवते. गणवेशाचा निळा, रिबिनीचा लाल हे अंडरग्लेझने, म्हणजे ग्लेझखाली द्यायच्या मातीच्या रंगाने, कच्च्या मातीवरच लावा, आणि बिस्कनंतर, म्हणजे पहिल्या भाजणीनंतर, आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून लावून पुसून घ्या. मळ बरोबर जिथे असतो तिथे राहतो, कोपराच्या घडीत, नखांत.

उंची आणि मांडणीही विचारात घ्या. कॅलिफोर्नियातल्या व्हायोला फ्रे (१९३३–२००४) सूटबूटातले पुरुष आणि फुलाफुलांच्या झग्यातल्या बाया तीन-तीन मीटर उंच करत. तुकडे करून भाजायच्या आणि परत रचायच्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणच लहान मूल होतो. एवढं मोठं आपल्याला जमणार नाही, पण तुकड्यांत भाजून नंतर इपॉक्सीने जोडण्यात काही कमीपणा नाही, हे त्यांच्याकडून घ्या. आणि तुमची मुलं कमरेइतक्या स्टूलवर ठेवू नका. जमिनीवर ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला वाकावं लागेल किंवा वरून बघावं लागेल, जसं आपण रोज बघतो.

एक सावधगिरी. सगळं लादणं दुष्टपणाने होत नाही. बोरनहाणाला पाटावर बसवलेलं दीड वर्षाचं पोर आठवा. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याची माळ, डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडताहेत, भोवती सगळे मायेने हसताहेत, आणि ते भेदरून रडायच्या बेतात. त्यात खलनायक कुणीच नाही. वेणी घालताना आईने केस मागे ओढले की मुलीची हनुवटी वर जाते आणि डोळे पाणावतात. आईला शिल्पात आणू नका. ताणलेली वेणी आणि वर गेलेली हनुवटी पुरे. प्रेम आणि सक्ती एकाच हातात असतात तिथे आपला विषय सर्वांत खोल जातो, आणि तिथेच राग दाखवायची घाई केली की शिल्प उथळ होतं.

आता लगेच काय कराल. पंचवीस सेंटिमीटरच्या दोन आकृत्या एकाच मुलीच्या करा, सहा डोकी उंच, तांबड्या मातीत, चेहरा जवळजवळ कोरा. एक हाताची घडी आणि तोंडावर बोट घेतलेली. दुसरी घंटा झाल्यावर वर्गाबाहेर पडलेली, एक हात वर, दुसरा मागे, दप्तर खांद्यावरून घसरलेलं. दुसरीला कोपरांखाली त्याच मातीचे टेकू द्या. टेकू आणि हात यांच्यामध्ये टिश्यूपेपर ठेवा, म्हणजे चिकटणार नाहीत. दोघींना एकाच प्लॅस्टिकखाली तीन आठवडे सावकाश वाळवा, आणि दुसरीचे टेकू वाळल्यावरही काढू नका. भट्टीत ते तिच्याबरोबरच जाऊ देत.